सरदार खोटं बोलला

जज्ज आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढला नव्हता. तो कवळ्या करायचा. आसपासचे दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे घेऊन त्याच्याकडे पाठवायचे, आणि जज्ज त्या ठशांत प्लास्टर ओतून, वर मेण चढवून, मेणात एकेक दात बसवून माणसाला पुन्हा हसण्यालायक करून सोडायचा. लोक लोकांचे चेहरे लक्षात ठेवतात, हा जबडे लक्षात ठेवायचा. बाजारात बायकोनं कोपरानं ढोसून, “अहो, ते निळ्या शर्टातले कोण हो? आपल्याकडे बघून हसतायत,” असं विचारलं की हा म्हणायचा, “नाव आठवत नाही. पण हसतायत ती वरची कवळी माझी आहे.”

जज्ज हे नाव त्याला रविवारच्या खेळानं दिलं.

त्याच्या कामाच्या खोलीमागं एक लहान खोली होती. तिथं एक लांब टेबल, त्याभोवती चार खुर्च्या, आणि भिंतीभर फळ्यांवर मांडलेले प्लास्टरचे जबडे. दर रविवारी दुपारी या टेबलाभोवती पन्नाशी उलटलेली चार माणसं बसायची आणि लहान मुलांनाही लाज वाटेल इतकं मन लावून खेळायची. या खेळाला पत्ते नाहीत, पट नाही. एकानं जग सांगायचं: हे जंगल, हा पूल, पुलाखाली हा राक्षस. बाकीच्यांनी त्या जगातलं एकेक माणूस व्हायचं आणि “मी असं करतो” म्हणायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगणार. जग सांगायचं काम जज्जाचं. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई जादूगार व्हायच्या आणि आगीचा गोळा टाकण्यापूर्वी तो किती फुटांवर फुटेल याचा हिशेब कागदावर करायच्या. जज्जाची बायको, जिला सगळे जज्जीणबाई म्हणत, ती चोर व्हायची. ती इतकी छान चोर व्हायची की जज्ज कधीकधी घरातल्या कपाटाला कुलूप लावण्याचा विचार करायचा.

आणि जज्जाचा शाळेपासूनचा मित्र, मिस्त्री, तो व्हायचा सरदार.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचा. हाताला कायम ग्रीसचा वास, खिशात टॉर्च, बोलणं मोजकं. असा माणूस दर रविवारी पांढऱ्या घोड्यावर बसून दुबळ्यांचं रक्षण करायला निघायचा. या खेळात अशा सरदाराला पॅलाडिन म्हणतात. देवापुढं शपथ वाहिलेला योद्धा. त्याच्या हाताला गुण असतो. नुसता हात ठेवला की जखमा भरतात, विष उतरतं. पण हा गुण शपथेवर टिकून असतो. शपथ मोडली की गुण गेला, सरदार तुमच्याआमच्यासारखा साधा तलवारवाला झाला. आणि शपथ मोडली की नाही, हे फासा सांगत नाही. ते जग सांगणाऱ्यानं ठरवायचं.

इथं जज्जाचा जज्ज झाला.

शपथेची कलमं त्यानंच ठरवली होती. दुबळ्यावर हात उचलणार नाही, दुसऱ्याचं घेणार नाही, खोटं बोलणार नाही. साधी दिसणारी ही तीन कलमं, पण त्यांवरून त्या टेबलावर जे वाद झाले ते खऱ्या कोर्टात झाले असते तर वकिलांनी बंगले बांधले असते. बांधलेल्या दरोडेखोराला सरदारानं थोबाडीत मारली, दरोडेखोर दुबळा धरायचा का? चोर कुलूप फोडत असताना सरदार मुद्दाम पाठ करून चांदणं बघत होता, हे घेणं झालं का? प्रकरण रंगलं की जज्ज उठून उभा राहायचा, चष्मा काढायचा, आणि म्हणायचा, “निकाल!” त्यानंतर वाद नाही. दिलेला निकाल त्यानं कधी फिरवला नव्हता.

एकदा भुकेल्या सरदारानं कुणाच्या तरी बागेतलं सफरचंद खाल्लं. जज्जानं उभं राहून त्याचा गुण दिवसभरासाठी काढून घेतला.

“एका सफरचंदावरून?” जज्जीणबाई कडाडल्या. “आणि घरी डब्यातली बिस्किटं कोण खातं हो, मी अंघोळीला गेल्यावर?”

“मी शपथ घेतलेली नाही,” जज्ज म्हणाला.

“लग्नात काय घेतली होती मग?”

“त्यात बिस्किटांचा उल्लेख नव्हता.”

सगळे हसले. मिस्त्री मात्र गंभीरपणे मान हलवत होता. “निकाल बरोबर आहे वहिनी. दोस्त म्हणून यानं मला सूट द्यायची नाही. सूट मिळायला लागली तर त्या गुणाला काय अर्थ?”

तेव्हा हसणाऱ्यांत आणखी एक माणूस असायचं. मिस्त्रीची बायको. ती खेळायची नाही. ती घरी कपडे शिवायची, आणि रविवारी हातशिलाईचं काहीतरी घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसायची. मान खाली, सुई चालू, आणि कान टेबलाकडे. मध्येच म्हणायची, “भावजी, ह्यांना तुम्ही घोड्यावरून कधी उतरवणार? परवा भाजी आणायला सांगितली तर म्हणाले, घोडा थकलाय.” असं बोलून स्वतःच इतकी हसायची की सुई बोटात टोचायची. सरदार एखाद्या लढाईत पडायला आला की तिची सुई थांबायची. फासा पडायचा, सरदार वाचायचा, सुई पुन्हा चालायला लागायची. जज्जाला समोर बसणाऱ्या तीन खेळाडूंपेक्षा त्या सुईवरून जास्त कळायचं, की गोष्ट रंगली का नाही.

मग ती आजारी पडली. आधी पोटात दुखतंय म्हणून, मग तपासण्या म्हणून, मग नुसतीच आजारी. रविवार बंद झाले.

जज्ज रोज काम संपलं की हॉस्पिटलमध्ये जायचा, पण खोलीत फारसा शिरायचा नाही. बाहेरच्या बाकावर बसायचा, मिस्त्रीला चहा आणून द्यायचा, नर्सच्या दातांबद्दल काहीतरी बोलून त्याला हसवायचा प्रयत्न करायचा. आत जाऊन त्या खाटेकडे बघण्याची हिंमत त्याला व्हायची नाही. जज्जीणबाई आत बसायच्या. धुतलेले कपडे न्यायच्या, केस विंचरून द्यायच्या, दुपारभर थांबायच्या. घरी आल्यावर जज्ज विचारायचा, “कशी आहे?” त्या म्हणायच्या, “तुम्हीच जाऊन बघा ना.” आणि तो विषय बदलायचा.

मिस्त्रीला एक मुलगा होता. बापाशी भांडून लांबच्या शहरात गेलेला. बापानं म्हटलं होतं लिफ्टचं काम शीक, मुलानं म्हटलं होतं दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून मला तुमच्यासारखं व्हायचं नाही. मग दोघांपैकी कुणीतरी काहीतरी असं बोललं की पुढं बोलणंच बंद झालं. आई गेली तेव्हा तो आला नव्हता. सगळं आटोपल्यावर आला, एक संध्याकाळ बसला, आणि गेला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मिस्त्रीच एकदा कामाच्या खोलीत येऊन उभा राहिला. जज्ज चाकावर एक कवळी घासत होता. चाक थांबेपर्यंत मिस्त्री थांबला आणि म्हणाला, “रविवारी बसूया का?”

जज्जाला इतका आनंद झाला की त्यानं तीच कवळी पुन्हा घासायला घेतली आणि जास्त घासली.

आठवडाभर तो विचार करत होता, की काय सांगायचं. ड्रॅगन नको, लढाया नकोत, रक्त नको. हलकं काहीतरी. त्यानं ठरवलं की सरदार आणि मंडळी एका खेड्यात मुक्कामाला येतील. तिथं एक म्हातारी असेल. सरदारानं तिच्यापाशी बसावं, दोन शब्द बोलावेत, एवढंच. त्यानं हे मायेनंच ठरवलं होतं, यात शंका नाही.

रविवारी सगळे आले. खिडकीजवळची खुर्ची तिथंच होती. ती हलवावी की ठेवावी यावर नवराबायकोत सकाळी कुजबुज झाली होती, आणि काहीच न ठरल्यामुळे ती राहिली होती. जज्जानं जग सांगायला सुरुवात केली. खेडं, चूल विझलेलं घर, खाटेवर शेवटच्या घटका मोजणारी म्हातारी. तिचा मुलगा लढाईवर गेलेला. मागच्या लढाईत, नदीच्या उतारावर, सरदारानं त्याच मुलाला पडलेलं पाहिलं होतं. हा धागा जज्जानं जुन्या गोष्टीतून मोठ्या हौसेनं काढला होता.

“म्हातारी सरदाराचा हात धरते,” जज्ज म्हातारीचा आवाज काढून म्हणाला, “आणि विचारते, बाबा, तू तिकडूनच आलास ना? माझा मुलगा भेटला का रे?”

मिस्त्री फासा हातात फिरवत होता. बराच वेळ. बाईंनी आपला कागद उगीच सरळ केला.

“भेटला,” मिस्त्री म्हणाला. “निघालाय. वाटेत आहे.”

“अरे, तू त्याला मेलेला पाहिलास,” जज्ज हसत म्हणाला. “विसरलास का?”

“विसरलो नाही.”

जज्जाचं हसू गेलं आणि त्याच्यातला जज्ज जागा झाला. आणखीही एक होतं. इतक्या दिवसांनी मित्र परत आलाय, त्याला दया म्हणून सूट दिली असं वाटायला नको. पहिल्यासारखाच खेळ, पहिल्यासारखंच कलम. यातच त्याचा मान आहे, असं जज्जाला वाटलं. तो उठला. चष्मा काढला.

“अहो, थांबा,” जज्जीणबाई म्हणाल्या. “मरणाऱ्या बाईला धीर दिला त्यानं. यात कसली शपथ मोडली?”

“खोटं बोलणार नाही. तिसरं कलम.”

“कलम गेलं खड्ड्यात! बसा खाली.” आणि टेबलाखालून त्यांनी नवऱ्याच्या नडगीवर अशी लाथ मारली की फासे हलले. चोरानं जज्जाला लाथ मारण्याचा प्रसंग नवा नव्हता. जज्जानं दुर्लक्ष केलं.

“निकाल!” तो म्हणाला. “सरदार खोटं बोलला. गुण गेला.”

मिस्त्रीनं नेहमीसारखी मान हलवली नाही. तो म्हणाला, “मग मी काय सांगायला हवं होतं?”

प्रश्न साधा होता, आणि जज्जाला प्रश्न आवडायचे. “खरं सांगायचं. नाहीतर गप्प बसून हात धरायचा. दोन्ही अवघड होतं. तू सोपं ते केलंस. आता त्याचं काय होतं ते ऐक.” आणि खेळ चालवणाऱ्यानं चांगलं चालवावं तसं त्यानं पुढं सांगितलं. “म्हातारीच्या डोळ्यांत जीव येतो. बाया तिला झोपेचं औषध द्यायला येतात, ती भांडं सारून देते. म्हणते, मी झोपले आणि तो आला तर? दुखतंय, पण ती झोपत नाही. रात्रभर दाराकडे बघत राहते. तशीच जाते.”

हे त्यानं त्या क्षणी सुचेल तसं सांगितलं होतं, आणि आपण छान सांगितलं असंही त्याला वाटलं होतं.

मिस्त्रीनं हातातला फासा टेबलावर ठेवला. न टाकता, नुसता ठेवला. “निघतो,” म्हणाला. “एका बिल्डिंगमध्ये लिफ्ट अडकलीय.”

“रविवारी?”

“लिफ्टला वार कळत नाही.”

तो गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. जज्जानं फोनवर निरोप पाठवले. सरदाराचा घोडा उपाशी आहे, खरारा करायला ये. घोडा विकायला काढलाय, गिऱ्हाईक आलंय. उत्तर नाही. जज्ज चिडला. “सफरचंदावरून गुण काढला तेव्हा स्वतःच शहाणपणा सांगत होता, सूट देऊ नकोस म्हणून. आता रुसून बसलाय. या वयात!”

जज्जीणबाई भांडी पुसत होत्या. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“तो रुसलेला नाही,” त्या म्हणाल्या. “बसा. सांगते. सांगणार नव्हते, ते माझं नव्हतं सांगायचं.”

आणि त्यांनी सांगितलं. शेवटच्या दिवशी सकाळी त्या खोलीतच होत्या. मिस्त्रीच्या बायकोनं नवऱ्याला विचारलं, मुलाला कळवलं का? मिस्त्री आदल्या दिवसापासून फोन करत होता. मुलगा फोन उचलत नव्हता. मिस्त्री म्हणाला, “बोललो त्याच्याशी. निघालाय. गाडीत आहे.” नर्स दुखण्यावरचं इंजेक्शन घेऊन आली. त्यानं झोप लागायची. ती म्हणाली, आता नको, तो येईपर्यंत नको. दुपारी पुन्हा नर्स आली, पुन्हा नको. दिवसभर ती दाराकडे तोंड करून पडून होती, ओठ चावत. दिवस मावळला आणि ती गेली.

“तुम्ही बाहेर बाकावर होतात,” जज्जीणबाई म्हणाल्या. यात टोमणा नव्हता. त्यामुळे जास्त लागलं.

जज्जानं त्यांनी खाली ठेवलेलं पातेलं उचललं आणि पुसायला घेतलं. मग म्हणाला, “मी ते औषधाचं... मी ते कुठून आणलं गं? मला माहीत नव्हतं.”

“माहीत नव्हतं हे मला माहीत आहे. त्यालाही माहीत असेल.”

दुसऱ्या दिवशी त्यानं एका डॉक्टरकडून आलेली, अर्धी झालेली कवळी तशीच मेणात सोडली आणि मिस्त्रीला शोधत निघाला. मिस्त्रीच्या दुकानातल्या माणसानं एका उंच इमारतीचा पत्ता दिला. तिथं लिफ्टच्या दारावर पाटी होती: काम चालू आहे. जज्ज जिना चढायला लागला. मजल्यामजल्यावर थांबून, कठडा धरून, गुडघ्यांना समजावत तो गच्चीवर पोचला. पाण्याच्या टाकीशेजारी लिफ्टच्या मशीनची खोली होती. आत तेलाचा वास, मोठं चाक, चाकावरून खाली काळोखात गेलेले पोलादी दोर. मिस्त्री पान्ह्यानं एक नट आवळत होता.

“चढून आलास?” त्यानं मागं वळून न बघता विचारलं.

“लिफ्ट बंद आहे म्हणतात,” जज्ज धापा टाकत म्हणाला. “कुणीतरी नालायक मिस्त्री आहे.”

मिस्त्री हसला नाही. जज्ज दाराच्या चौकटीला टेकला. “अरे, तो निकाल चुकला माझा.”

“वहिनींनी सांगितलं वाटतं.”

“हो.”

पान्हा फिरत राहिला.

“मी निकाल फिरवतो,” जज्ज म्हणाला. “आजवर फिरवला नाही, आज फिरवतो. सरदारानं काही पाप केलं नाही.”

“कळायच्या आधी तुला तसं वाटलं नव्हतं.”

“तो खेळ होता रे!”

“खेळ होता म्हणूनच तर.” मिस्त्रीनं पान्हा ठेवला आणि फडक्याला हात पुसत वळला. “बाकी सगळी दुनिया मला सांगते, तू बरोबर केलंस, तू किती केलंस तिच्यासाठी. ज्याला काहीच माहीत नव्हतं असा एकच माणूस होता. त्यानं निकाल दिला. आता माहीत झाल्यावर तू जो देशील तो निकाल नाही. ते सांत्वन.”

“मला मनापासून वाटतं,” जज्ज म्हणाला. “खरंच सांगतो. तू जे केलंस ते बरोबर केलंस. तिला बरं वाटलं त्यानं. शेवटचा दिवस तिचा आशेत गेला. कुणीही हेच केलं असतं.”

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला. चेहऱ्याकडे नाही, तोंडाकडे, जसा जज्ज लोकांच्या तोंडाकडे बघायचा.

“तुझा आवाज बदलला,” तो म्हणाला.

“काय?”

“आत्ता, बोलताना. गोड झाला. माझाही झाला होता असाच, गाडीत आहे म्हणताना.” तो जरासा हसला. “तुला अजूनही वाटतं की मी चुकलो. होय ना?”

जज्जानं चष्मा काढला आणि शर्टाला पुसायला घेतला.

“असू दे,” मिस्त्री म्हणाला. “असू दे रे. एवढे जिने चढून खोटं बोलायला आलास. खोटं आहे हे पहिल्या वाक्यालाच कळलं, तरी बरं वाटलं मला. मी म्हटलं, याला बोलू द्यावं, मध्ये तोडू नये. एवढा दमून...”

तो बोलता बोलता थांबला. फडकं हातात तसंच राहिलं. खाली कुठंतरी कुणाचं तरी दार आपटलं.

“पहिल्या वाक्याला कळलं मला,” तो पुन्हा म्हणाला, पण आता जज्जाशी नाही. “मग तिला नसेल कळलं? माझ्याबरोबर सगळा जन्म काढला तिनं. मी भाजी विसरलो आणि मिळाली नाही म्हणालो, तरी तिला कळायचं.”

“मिस्त्री...”

“तिला कळलं होतं, तो येत नाही म्हणून. मग इंजेक्शन का नको म्हणाली? दाराकडे का बघत होती?”

जज्जाला उत्तर सुचलं, आणि ते बोलवेना. मिस्त्रीलाही त्याच वेळी सुचलं असावं, कारण तो मशीनच्या पायाशी सिमेंटवर हळूच खाली बसला.

“माझ्यासाठी,” तो म्हणाला. “माझं खोटं तिला पटलंय असं मला वाटावं म्हणून. दिवसभर, तेवढं दुखत असताना.” आणि मग ग्रीसनं भरलेले दोन्ही हात तोंडावर घेऊन तो रडायला लागला. बायको गेल्यापासून तो रडलेला जज्जानं पाहिला नव्हता. आवाज न करता रडणारा माणूस असेल असं त्याला वाटलं होतं. तसा नव्हता.

हे कळलं ते बरं झालं की वाईट, जज्जाला ठरवता येईना. त्यानं ठरवायचा प्रयत्नही सोडला. तो मित्राच्या शेजारी, त्याच तेलकट सिमेंटवर बसला. त्याला आयुष्यात पहिल्यांदा हॉस्पिटलमधल्या त्या खाटेकडे बघावंसं वाटलं, आणि आता तिथं कुणी दुसरंच माणूस असणार होतं.

जिन्यातून एक चिडका आवाज वर आला. “ओ मिस्त्री! लिफ्ट चालू होतेय का नाही? किती वेळ अजून?”

मिस्त्रीनं तोंडावरचे हात काढले, फडकं चाचपलं आणि त्यात तोंड खुपसलं. जज्ज गुडघ्यावर हात रोवून उठला, जिन्याच्या तोंडाशी गेला आणि कठड्यावरून वाकून ओरडला, “वेळ लागेल!”

“म्हणजे किती?”

“माहीत नाही,” जज्ज म्हणाला. “तुम्ही चढून या.”